ताण मोजणारे स्नायू

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या गृहसंकुलात आरोग्य शिबिर भरले की डॉक्टरांच्या हातातील रबरी हातोडी हमखास कुतूहलाचा विषय ठरते. गुडघ्याच्या वाटीखाली हलका ठोका पडतो, पाय झटकन पुढे उडतो आणि ‘मेंदू शाबूत आहे’ असा निर्वाळा शेजारी उभी असलेली मंडळीच देऊन टाकतात. वास्तविक या झटक्याचा मार्ग मेंदूतून जातच नाही; तो कमरेच्या भागातील मेरुरज्जूतून वळून परत मांडीत येतो. तापलेल्या तव्यावरून हात मागे घेण्याचे शालेय उदाहरण आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते, की प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे केवळ संकटकाळी आणि नेहमी एकाच ठरावीक रीतीने घडणारी क्रिया, अशी आपली समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात उभे राहताना, चालताना, जिना उतरताना या यंत्रणा अखंड राबत असतात आणि त्यांची तीव्रताही प्रसंगानुसार बदलत असते.

हातोडीचा ठोका ज्या कंडरेवर बसतो ती मांडीच्या पुढच्या स्नायूला जोडलेली असते. ठोक्यामुळे हा स्नायू किंचित ताणला जातो. त्याच्या तंतूंना समांतर असे, दोन्ही टोकांना निमुळते आणि काही मिलिमीटर लांबीचे सूक्ष्म अवयव स्नायूत विखुरलेले असतात. त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. स्नायूची लांबी किती आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, या दोन्ही गोष्टी ते मोजतात. तर्कूच्या मध्यभागी गुंडाळलेल्या चेतातंतूतून संदेश निघतो, मेरुरज्जूत एकच सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, ओलांडतो आणि मुख्य स्नायू चालवणाऱ्या अल्फा नावाच्या चेतापेशींमार्फत त्याच स्नायूला आकुंचनाची आज्ञा मिळते. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला, मधल्या एका चेतापेशीच्या मध्यस्थीने, सैल राहण्याचा संदेश जातो. ठोका पडल्यापासून साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत स्नायू आकुंचन पावू लागतो, तर डोळ्यांनी पाहून हेतुपूर्वक हालचाल सुरू करायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. अशा मार्गांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ साली एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खरी अडचण पाहा. तर्कू स्नायूला समांतर असल्यामुळे स्नायू आकुंचन पावला की तर्कूही सैल पडायला हवा. पतंगाच्या दोरीला झोल पडला की वाऱ्याचा ओढा बोटांना कळेनासा होतो, तशीच तर्कूची गत व्हायला हवी. म्हणजे हालचाल सुरू होताच, नेमक्या गरजेच्या वेळी, तिची खबर देणारा अवयव मुका व्हायचा. तसे घडत नाही, कारण तर्कूच्या दोन्ही टोकांना स्वतःचे बारीक स्नायुतंतू असतात आणि त्यांना चालवणाऱ्या गॅमा नावाच्या वेगळ्या चेतापेशी मेरुरज्जूत असतात. हे तंतू आकुंचन पावले की तर्कूचा मधला भाग पुन्हा ताणला जातो आणि मोजमाप चालू राहते. मेरुरज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या चेतातंतूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश तंतू केवळ या कामाला वाहिलेले आहेत, ही गोष्ट मला स्नायूंच्या ताकदीपेक्षाही अधिक थक्क करणारी वाटते.

१९५३ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ मर्टन यांनी अशी कल्पना मांडली, की मेंदू प्रथम गॅमा चेतापेशींना आज्ञा देत असावा, त्यांच्यामुळे तर्कू ताणला जात असावा आणि मग प्रतिक्षिप्त मार्गाने मुख्य स्नायू त्याच्यामागून येत असावा. कल्पना देखणी होती, पण चुकीची ठरली. स्वीडनमध्ये संशोधक वाल्बो यांनी जाग्या माणसाच्या चेतांमध्ये अतिसूक्ष्म सुई घालून तर्कूंचे संदेश नोंदवले, तेव्हा स्नायूचे आकुंचन आधी सुरू होते आणि तर्कूच्या संदेशातील वाढ त्यानंतर येते, असे दिसले. अल्फा आणि गॅमा या दोघींना आज्ञा बरोबरच मिळते. तर्कू हालचाल सुरू करत नाही, ती ठरल्याप्रमाणे होते आहे की नाही याची वर्दी देतो.

ठाणे-वाशी मार्गावरील लोकलमध्ये हँडल न धरता, मोबाइलमध्ये मान घालून उभ्या असलेल्या प्रवाशाकडे पाहावे. ठाणे स्थानक जवळ येते, गाडीला ब्रेक लागतो, त्याचे शरीर पुढे झुकते आणि पोटरीचे स्नायू ताणले जातात. ते आकुंचन पावून शरीर मागे खेचतात तेव्हा त्याची नजर पडद्यावरून हललेलीसुद्धा नसते. मात्र पोटरी ताणली गेली म्हणजे ती आवळणे नेहमीच हिताचे असते असे नाही. अमेरिकी संशोधक नॅशनर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, माणसांना हलत्या फळीवर उभे करून ती कधी मागे सरकवली, तर कधी पायाची बोटे वर जातील अशी तिरपी केली. दोन्ही वेळा पोटरी ताणली जाते. पण पहिल्या प्रसंगी तिचे आकुंचन तोल सावरते आणि दुसऱ्या प्रसंगी माणसाला आणखी मागे ढकलते. फळी पुन्हा पुन्हा तिरपी होऊ लागल्यावर तीन ते पाच प्रयत्नांतच अनेकांच्या पोटरीचा प्रतिसाद क्षीण झाला. हा प्रतिसाद हिसक्यानंतर साधारण एक दशांश सेकंदाने येतो, म्हणजे हातोडीच्या झटक्यापेक्षा उशिरा पण विचारपूर्वक कृतीच्या आधी, आणि त्याची घडण मेंदूच्या वरच्या केंद्रांच्या प्रभावाखाली होते.

‘तोल सुधारणारी’ होलोग्रामची रबरी कडी मध्यंतरी जगभर विकली गेली, ती याच गुणधर्माच्या जोरावर. कडे नसताना हात ढकलला की माणूस डळमळतो आणि कडे घातल्यावर ठाम राहतो, असे विक्रेता दाखवत असे. पहिल्या हिसक्याने शरीर दुसऱ्यासाठी सावध झालेले असते, आणि ढकलण्याची दिशा किंचित बदलली की उरलेले काम होऊन जाते. ऑस्ट्रेलियात २०१० साली ग्राहकहित जपणाऱ्या यंत्रणेने कान धरल्यावर, आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक आधार नाही, हे संबंधित कंपनीला जाहीरपणे कबूल करावे लागले. तांब्याची आणि चुंबकाची कडी अजून बाजारात आहेतच.

तर्कूंची खबर मेंदूला प्रतिसादासाठीच नव्हे, तर हातपाय कुठे आहेत हे कळण्यासाठीही लागते. डोळे मिटून दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर वेगवान कंपने दिली, तर हात स्थिर असूनही तो सरळ होत असल्याचा भास होतो, हे १९७२ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी दाखवून दिले. कंपनांमुळे तर्कू खोटी खबर देतात आणि मेंदू ती खरी मानतो. ताण ओळखणाऱ्या या तंतूंमधील पिएझो-२ या प्रथिनाचा शोध हा अर्देम पातापुतियान यांना २०२१ साली मिळालेल्या नोबेलमागील संशोधनाचा भाग होता.

ही खबर मेंदूकडे नेणारे मेरुरज्जूतील मार्ग बी-१२ जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावाने खराब होतात आणि मधुमेहात पायांतील चेतातंतूच क्षीण होऊ शकतात. अशा माणसाची उणीव उजेडात डोळे भरून काढतात, त्यामुळे ती बराच काळ लक्षात येत नाही. तोंड धुताना डोळे मिटताच बेसिनकडे झोक जाऊ लागला, किंवा अंधारात पाऊल नेमके कुठे पडते आहे ते उमगेनासे झाले, तर त्याला वयाचा दोष न मानता डॉक्टरांना दाखवावे. दूध वगळता प्राणिज पदार्थ न खाणाऱ्यांनी आणि दूधही टाळणाऱ्यांनी तर बी-१२ची रक्ततपासणी विशेष आठवणीने करून घ्यावी.