संपादन की सरकारजमा? ऑस्ट्रेलियात सरकार वस्तू नष्ट करतं तेव्हा

मार्च 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात एक मालवाहू जहाज एफ-111 विमानातून बॉम्ब टाकून बुडवलं. जहाजाचं नाव ‘पाँग सू’, मालकी उत्तर कोरियाची. एप्रिल 2003 मध्ये व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर हेरॉइन उतरवून ते पळालं होतं आणि काही दिवसांच्या पाठलागानंतर सैन्याने ते पकडलं होतं. कप्तान आणि तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला. जहाज बुडवलं त्याच महिन्यात ज्यूरीने या चौघांना निर्दोष ठरवलं होतं.

माणसं सुटली, मग जहाज का गेलं? आणि ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत मालमत्तेच्या मोबदल्याची हमी आहे, तिचं काय? हमी खरंच आहे. कलम 51 च्या 31 व्या उपकलमानुसार केंद्रीय संसदेला कोणाची मालमत्ता संपादन करायची तर ती ‘न्याय्य अटींवर’च करता येते. पण ही हमी संपादनापुरती आहे. गुन्ह्यात सापडलेली वस्तू सरकारजमा होते, तेव्हा ती लागूच होत नाही. बाहेरून दोन्हीकडे चित्र एकच दिसतं: सरकारी माणूस येतो आणि वस्तू घेऊन जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी संपादन. भारतीय वाचकाची इथे हमखास गल्लत होते. आपलं 300अ कलम म्हणतं, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. म्हणजे आपल्याकडे प्रश्न सुरू होतो तो मालकाने काय गमावलं इथून. ऑस्ट्रेलियात नुसतं गमावणं पुरत नाही; समोर कोणाच्या तरी पदरात मालमत्तेचा एखादा हक्क पडावा लागतो, मग तो कितीही किरकोळ असो. 1983 च्या टास्मानिया धरण खटल्यात न्यायमूर्ती मेसन यांनी हे स्पष्ट केलं.

दोन खटले शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. काकडू राष्ट्रीय उद्यान वाढवताना न्यूक्रेस्ट कंपनीचा तिथला खाणीचा हक्क निरर्थक झाला. 1997 मध्ये हाय कोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय हेच) हे संपादन ठरवलं, कारण कंपनीचा हक्क संपताच केंद्र सरकारची जमीन त्या बोज्यातून मोकळी झाली. सरकारला ठोस लाभ झाला. आता सिगारेटची पाकिटं बघा. 2011 च्या कायद्याने सगळी पाकिटं एकाच मळकट तपकिरी रंगाची केली आणि त्यांवरची बोधचिन्हं काढून टाकली. कंपन्या म्हणाल्या, आमचे ट्रेडमार्क मातीमोल झाले. नुकसान खरं होतं. पण 2012 मध्ये सहा विरुद्ध एक अशा बहुमताने हाय कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला: तुमचे हक्क आकसले, तरी त्यातून सरकारच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या हाती मालकीचा कसलाही हक्क आलेला नाही.

नष्ट करण्याचा प्रश्न नेमका इथे चिघळतो. सरकारने वस्तू स्वतःकडे ठेवली किंवा विकली तर लाभ दिसतो. जाळून टाकली तर राख कोणाच्या कामाची? म्हणूनच किडीचा किंवा रोगाचा धोका असलेला माल नष्ट केला, तर मालकाला केवळ राज्यघटनेकडे बोट दाखवून भरपाई मागणं कठीण जातं. त्याला आधार मिळतो तो साध्या कायद्याचा. 2015 च्या जैवसुरक्षा कायद्यात नष्ट केलेल्या मालाच्या भरपाईची तरतूद आहे. संसद ती उद्या बदलूही शकते, आणि मला ही उणीव मोठी वाटते.

आता सरकारजमा. इथे लाभाचा हिशोब करायची वेळच येत नाही. वस्तू सरकारची होते हे उघड असूनही कोर्ट त्याला मोबदला देण्याजोगं संपादन मानत नाही, कारण कायदा मोडल्याच्या दंडाला मोबदला जोडला तर दंडाला अर्थच उरणार नाही. एवढं कोणालाही पटेल. खटकतं ते पुढचं: मालक निर्दोष असला तरी नियम तोच. 1952 च्या बर्टन विरुद्ध होनन खटल्यात बेकायदा आयात झालेली मोटार होती. ती नंतर एकाने प्रामाणिकपणे विकत घेतली होती, तरी गाडी गेलीच. 1994 च्या लॉलर खटल्यात परकी मासेमारी बोट होती. अवैध मासेमारीत मालकांचा हात नव्हता, तरी बोट सरकारजमा करणारा कायदा वैध ठरला. कोर्टाचं म्हणणं असं की मालकाने आपली वस्तू कोणाच्या हाती देतो याची काळजी घ्यावी, हाही या कायद्यांचा हेतू आहे. हा तर्क मला समजतो, पण गाडी घेणाऱ्या सामान्य ग्राहकाला तो लावणं मला अन्यायाचं वाटतं.

2014 च्या एमर्सन खटल्यात गोष्ट आणखी पुढे गेली. नॉर्दर्न टेरिटरीत ‘अमली पदार्थांचा तस्कर’ घोषित झालेल्या माणसाची सगळी मालमत्ता, सरळ मार्गाने कमावलेलीसुद्धा, सरकारजमा करणारा कायदा बहुमताने टिकला. न्यायमूर्ती गेगलर एकटे विरोधात राहिले.

एकच रायफल दोन्ही खात्यांत कशी जाते, ते 1996 नंतर दिसलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे गोळीबारात 35 जणांचा बळी गेल्यावर सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर व्यापक बंदी आली. कालपर्यंत कायदेशीर असलेली बंदूक जमा करणाऱ्याला पैसे मिळाले. त्यासाठी केंद्राने मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठी उत्पन्नावर घेतला जाणारा कर) वर्षभरासाठी 0.2 टक्क्यांनी वाढवली. 6 लाखांहून जास्त बंदुका जमा होऊन नष्ट झाल्या. मुदत उलटल्यावर तीच रायफल घरात सापडली, तर ती बेकायदा शस्त्र म्हणून सरकारजमा, पैसे शून्य.

मात्र ती बंदी राज्यांच्या कायद्यांनी आणली होती, आणि राज्यांवर ‘न्याय्य अटीं’चं बंधन नाही. न्यू साउथ वेल्सने कोळशाचे हक्क घेतल्याच्या वादात 2001 मध्ये हाय कोर्टाने हे स्पष्ट सांगितलं. हे बंधन राज्यांवरही घालण्याचा प्रस्ताव 1988 च्या सार्वमतात इतर हक्कांसोबत मांडला होता. त्याला सुमारे 31 टक्केच मतं मिळाली.

उरली जप्ती. ती या दोन्हींच्या आधीची पायरी आहे. कस्टम्सने माल उचलला म्हणून तो लगेच कायमचा सरकारचा होत नाही. 1901 च्या कस्टम्स कायद्याखाली जप्तीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत माल परत मागण्याचा दावा करता येतो. तो केला नाही, तर माल सरकारजमा धरला जातो. म्हणून ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कोणाचं पार्सल अडकलं, तर राज्यघटनेचा विचार नंतर करावा. आधी नोटिशीवरची तारीख बघून लेखी दावा दाखल करावा.