झोऊ श्वेन

झोऊ श्वेन : (१ ऑगस्ट १९२०? – २२ सप्टेंबर १९५७). चिनी गायिका व चित्रपट-अभिनेत्री. १९३० ते १९५० या काळात शांघायमध्ये बहरलेल्या ‘शिदायछू’ या नागर गीतप्रकारातील अग्रगण्य नाव. चाळीसहून अधिक चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या आणि दोनशेच्या वर गाणी गायिली.

त्यांच्या जन्माविषयी मतभेद आहेत. जन्मवर्ष काही ठिकाणी १९१८, तर काही ठिकाणी १९१९ दिलेले आढळते. मात्र १९२० हेच वर्ष अधिक ग्राह्य मानले जाते. आपले खरे आईवडील कोण, हे खुद्द झोऊ श्वेन यांना अखेरपर्यंत कळले नाही. त्यामुळे त्यांच्या हयातीत छापून आलेली चरित्रे याबाबतीत फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांनी घेतलेल्या शोधातून पुढे आलेला वृत्तांत असा : जन्म जिआंगसू प्रांतातील चांगझोऊ येथे सू कुटुंबात, मूळ नाव सू पू. सुमारे तीन वर्षांची असताना अफूच्या आहारी गेलेल्या एका नातेवाइकाने तिला पळवून जवळच्या जिनतान गावातील वांग कुटुंबाकडे दिले. तेथून ती शांघायच्या झोऊ कुटुंबात दत्तक गेली आणि झोऊ श्याओहोंग झाली. या वृत्तांतातील प्रत्येक दुवा सारखाच भक्कम आहे असे म्हणता येत नाही. तथापि चांगझोऊ हे जन्मस्थान आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. दत्तक घरीही दारिद्र्य आणि अफू यांनी पाठ सोडली नाही.

१९३१-३२ च्या सुमारास त्या ली जिनह्वेइ यांच्या ‘मिंगयुए’ या गायन-नृत्य मंडळीत दाखल झाल्या. झोऊ श्वेन हे नाव त्यांना तेथेच मिळाले. चिनी लोकधुना आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीत यांची सांगड घालणारे ली हे शिदायछूचे जनक समजले जातात. १९३४ मध्ये शांघायमधील नभोवाणी-गायिकांच्या स्पर्धेत बाय होंग पहिल्या, तर झोऊ श्वेन दुसऱ्या आल्या. ‘सोनेरी गळा’ हे बिरुद त्यांना तेव्हापासून चिकटले. त्यांचा आवाज बारीक व पल्ला मर्यादित. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज नव्हता. मायक्रोफोनशी जवळीक साधून, शब्द स्वच्छ उच्चारत, जवळजवळ बोलल्यासारखे गाणे हे त्यांचे खरे सामर्थ्य. नभोवाणी, ध्वनिमुद्रिका आणि बोलपट ही तिन्ही माध्यमे त्याच सुमारास चीनमध्ये रुजत होती आणि या गळ्याला ती नेमकी मानवली.

१९३५ पासून त्या चित्रपटांत दिसू लागल्या. खरी कीर्ती दिली ती १९३७ च्या *मालू तिएनशी* (रस्त्यावरचे देवदूत) या चित्रपटाने. दिग्दर्शक युएन मूजी, नायक झाओ दान. जपानने बळकावलेल्या ईशान्य चीनमधून परागंदा झालेल्या, चहाघरात गाणाऱ्या मुलीची भूमिका झोऊ श्वेन यांच्या वाट्याला आली. पात्राचे नावही श्याओहोंगच. ह लूतिंग यांनी सूझोऊकडील दोन लोकधुनांवरून चाली बांधल्या व तिएन हान यांनी शब्द लिहिले. ‘चार ऋतूंचे गाणे’ सुरू होताच पडद्यावर शब्द उमटतात आणि प्रेक्षकांना बरोबर गाता यावे म्हणून एक लहानसा चेंडू अक्षरांवरून उड्या घेत जातो. मध्येच युद्धाची व हरवलेल्या मुलखाची दृश्ये येतात. ‘भटकी गायिका’ हे दुसरे गाणे तर दोनदा येते. प्रथम बोळाच्या दोन बाजूंच्या खिडक्यांतून, समोर नायक हूछिन (गजाने वाजवायचे चिनी तंतुवाद्य) वाजवत असताना, खेळकरपणे. नंतर दारूच्या गुत्त्यात, त्याच नायकापुढे, जड मनाने. चाल तीच, भाव उलटा. सतरा वर्षांच्या, शालेय शिक्षण फारसे न झालेल्या मुलीने हा पालट केवळ आवाजाच्या वजनाने साधला आहे. त्यांची पुढची कोणतीही भूमिका या उंचीला पोचली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच वर्षीच्या एका चित्रपटासाठी त्यांनी गायिलेले ल्यू श्वेआन यांचे ‘सख्या, पुन्हा कधी येशील?’ हे गाणे कायम वादात राहिले. त्यातील ‘सखा’ कोण, याविषयी जपानी व राष्ट्रवादी चिनी अशा दोन्ही सत्तांनी संशय घेतला.

१९३८ मध्ये ‘मिंगयुए’ मंडळीतीलच गायक-संगीतकार येन ह्वा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४१ मध्ये घटस्फोट. चीन-जपान युद्धाच्या काळात ग्वोह्वा या चित्रपट कंपनीसाठी त्यांनी बरेच चित्रपट केले. युद्धोत्तर काळात हाँगकाँगमध्ये केलेल्या चित्रपटांतून चन गशिन यांची ‘शांघायची रात्र’ व ‘बहराची वर्षे’ ही गीते गाजली. झू शिलिन दिग्दर्शित *छिंगगोंग मीशी* (छिंग राजवाड्याचा गुप्त इतिहास, १९४८) मधील सम्राट ग्वांगश्यूची उपपत्नी झेन ही त्यांच्या उत्तरकाळातील महत्त्वाची भूमिका होय. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात या चित्रपटावर देशद्रोही म्हणून जोरदार टीका झाली.

१९५० मध्ये त्या शांघायला परतल्या. १९५१ मध्ये चित्रीकरण चालू असताना त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले व पुढील वर्षे उपचारांत गेली. मेंदूज्वराने शांघाय येथे त्यांचे निधन झाले. त्यांना दोन मुलगे होते.

साम्यवादी राजवटीत शिदायछू ‘पिवळे संगीत’ (म्हणजे अश्लील संगीत) म्हणून निषिद्ध ठरले; हाँगकाँग व तैवानमध्ये मात्र ही गाणी टिकली. तैवानी गायिका तेरेसा तंग यांनी त्यांतील काही नव्याने गायिली, तर हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांच्या २००० मधील चित्रपटाचे चिनी शीर्षक ‘बहराची वर्षे’ याच गीतावरून घेतलेले असून मूळ ध्वनिमुद्रणही त्यात ऐकू येते.