वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलांसाठी: ऑपरेशन कोणतं, आणि कधी?

दुभंगलेल्या ओठ-टाळूचं ऑपरेशन झालेली मुलं आमच्याकडे बहुतेक वेळा दुधाचे दात पडायला लागले की येतात. ओठ चांगला शिवलेला असतो, मूल बोलतं, शाळेत जातं. पण बाजूनं पाहिलं तर नाकाखालचा भाग आत बसलेला दिसतो आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, एकदाच ऑपरेशन करून टाकलं तर?" बहुतेक मुलांसाठी आमचं उत्तर "आत्ता नाही" असं असतं. ते का, हे खुर्चीवर बसून पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं काम दातांच्या तारांचं. हाडाचं ऑपरेशन जबड्याचे सर्जन मोठ्या रुग्णालयात करतात. मात्र त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष आणि नंतरचे काही महिने मूल आमच्याकडेच येत असतं, त्यामुळे दोन्हीकडचं वेळापत्रक जुळवणं आमच्यावर येतं.

जबडा मागे का राहतो?

टाळू शिवल्यावर तिथे व्रण तयार होतो. व्रणाची कातडी ताणत नाही आणि वरच्या जबड्याची पुढची वाढ अडते. खालचा जबडा आपल्या गतीनं वाढत राहतो. वयात येताना तो झपाट्यानं वाढतो, म्हणून आठव्या वर्षी थोडासा वाटणारा फरक पंधराव्या वर्षी ठळक होतो. यात पहिल्या सर्जनची चूक शोधू नका. टाळू वेळेत बंद केला नसता तर बोलणं स्पष्ट झालंच नसतं. आणि आईचीही चूक नाही. ओठ आणि टाळू गर्भारपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत जुळतात, ओठ तर सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंतच. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून काही फाटत नाही. घरात कुणी अजून तसं म्हणत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

"ले फोर्ट" म्हणजे काय?

सर्जनच्या चिठ्ठीवर हे नाव दिसेल. रेने ले फोर्ट या फ्रेंच सर्जननी १९०१ मध्ये मार लागल्यावर चेहऱ्याची हाडं कुठे तुटतात याचा अभ्यास मांडला. ती ठराविक तीन रेषांवर तुटतात असं त्यांना दिसलं. आज सर्जन त्याच रेषांच्या आधारानं, पण मोजून-मापून हाड कापतात.

टाळूच्या मुलांना बहुधा यातला पहिला प्रकार, म्हणजे सर्वांत खालच्या रेषेवरचा छेद, लागतो. वरच्या दातांच्या मुळांच्या वर आडवा छेद घेऊन जबडा सुटा करतात, पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या प्लेटा व स्क्रूंनी बसवतात. सगळं तोंडाच्या आतून होतं, चेहऱ्यावर नवा व्रण येत नाही. हे ऑपरेशन वाढ थांबल्यावर करायचं: मुलींमध्ये साधारण १५-१६, मुलांमध्ये १७-१८ वर्षं किंवा थोडं पुढे. वाढ थांबली का, हे आम्ही वयावरून ठरवत नाही. काही महिन्यांच्या अंतरानं बाजूचे एक्स-रे काढतो; दोन्हींत फरक दिसला नाही की पुढे जातो. घाईनं बाराव्या वर्षी जबडा पुढे आणला तरी खालचा जबडा वाढतच राहतो आणि मूल पुन्हा टेबलावर जातं. "दहावीच्या सुट्टीत उरकून घेऊ" ही सोय आम्हाला कळते, पण हाडाला दहावी-बारावी कळत नाही.

जबडा फार मागे असेल तर

दोन्ही जबड्यांमधलं अंतर दहा मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल, तर एकाच वेळी पुढे आणलेल्या जबड्याला व्रण परत मागे ओढतो. अशा वेळी डिस्ट्रॅक्शन, म्हणजे हाड कापून रोज थोडं थोडं पुढे ओढणं, सुचवलं जातं. ही कल्पना सैबेरियातल्या कुर्गान शहरात गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी पायाच्या हाडांवर विकसित केली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी ती खालच्या जबड्यासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि १९९७ मध्ये शिकागोच्या पॉली आणि फिगेरोआ यांनी डोक्याभोवतीच्या चौकटीनं वरचा जबडा पुढे आणण्याची पद्धत मांडली.

हाड कापल्यावर लगेच ओढत नाहीत. चार-पाच दिवस थांबतात, मग स्क्रू फिरवून रोज सुमारे एक मिलिमीटर पुढे आणतात. मधल्या फटीत नवं हाड भरत जातं आणि कातडी, स्नायूही हळूहळू ताणतात. इच्छित जागी आल्यावर हाड घट्ट होईपर्यंत चौकट किंवा आतलं यंत्र काही आठवडे ते दोन-तीन महिने तसंच राहतं. स्क्रू बहुतेक घरी पालकच फिरवतात. दिशा चुकू नये म्हणून रुग्णालयातून सुटण्याआधी सर्जनसमोर तुम्ही स्वतः फिरवून दाखवा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. चौकट लावून शाळेत जायला बरीच मुलं तयार नसतात. ते आधीच बोलून ठेवलेलं बरं.

ज्यांनी थांबू नये अशी मुलं

क्रूझों किंवा अ‍ॅपर्ट सिंड्रोम हे जन्मजात आजार असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. कवटीचे सांधे लवकर जुळतात, आणि गाल, नाक, डोळ्यांच्या खोबणी असा सगळा मधला चेहरा मागे राहतो. डोळे बाहेर येतात, झोपेत पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. श्वासाची वाट अरुंद होते. मूल जोरात घोरत असेल, झोपेत श्वास थांबून दचकून उठत असेल, तर वयाची वाट पाहू नका. इथे ले फोर्टच्या तिसऱ्या प्रकारचा, सगळा मधला चेहरा सुटा करणारा छेद लागतो. पॅरिसच्या पॉल टेसिए यांनी १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत अशा शस्त्रक्रिया मांडल्या आणि हे शास्त्र रुळलं. कपाळही मागे असेल तर कपाळ आणि चेहरा एकत्र पुढे आणतात. त्यात मेंदूभोवतीची जागा आणि नाकाची पोकळी यांचा संबंध येऊन जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून न्यूरोसर्जन असलेलं मोठं केंद्रच हवं. लहान वयात झालं तर किशोरवयात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता असते. ही मुलं आधी आमच्याकडे आली तरी आम्ही त्यांना पुढे पाठवतो.

तोवर आम्ही काय करतो?

आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्याआधी, हिरडीच्या फटीत कमरेचं हाड भरलं जातं. त्याआधी आम्ही टाळू रुंद करतो. फरक कमी असेल तर दहाव्या वर्षाच्या आत वरचा जबडा पुढे ओढणारा चेहऱ्याचा मास्क देतो, रोज बारा-चौदा तास. मास्कनं सगळ्यांचं ऑपरेशन टळतं असं आम्ही सांगत नाही. टाळूच्या मुलांमध्ये तर कमीच.

ऑपरेशनआधीच्या तारांनी चेहरा काही महिने आणखी वाईट दिसतो. खालचे दात आजवर आत झुकून जबड्यांमधलं अंतर झाकत होते, ते सरळ केले की खरं अंतर उघडं पडतं. नातेवाईक विचारतील, "पैसे देऊन बिघडवलं का?" तयारी ठेवा.

ऑपरेशननंतर

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. गाल आणि वरचा ओठ काही महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. साधारण सहा आठवडे भाकरी, चिवडा, ऊस बंद. आधी पेज, डाळीचं पाणी, मग मऊ भात. एक गोष्ट विचारल्याशिवाय सही करू नका: बोलण्यावर काय परिणाम होईल? जबडा पुढे गेला की टाळूचा मागचा मऊ भागही पुढे जातो आणि हवा नाकातून निसटून आवाज गेंगाणा होऊ शकतो. म्हणून स्पीच थेरपिस्टची तपासणी आधी हवी.

खर्च आणि कागद

दुभंगलेला ओठ-टाळू हा २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो, पण तो १८ वर्षांपर्यंतच आहे. जबड्याचं ऑपरेशन नेमकं त्याच वयाच्या काठावर येतं, म्हणून नोंदणी खूप आधी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पहिल्या भेटीला जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, असतील ते एक्स-रे, रेशनकार्ड-आधारच्या प्रती आणि मुलाचे लहानपणापासूनचे दोन-तीन फोटो आणा. फोटो बाजूनं काढलेले असतील तर उत्तम. आणि मूल दहा वर्षांच्या वर असेल तर त्यालाही सोबत खोलीत बसू द्या. प्रश्न त्याचेही असतात.