एमओएच आणि सॅनिटरी इन्स्पेक्टर: घर कुणाचं, माणूस कुणाचा

१९५०च्या दशकातलं लंडनच्या कडेचं एखादं उपनगरी बरो, म्हणजे स्वतःची पालिका असलेलं गाव, घ्या. फिंचली, हेन्डन, वेम्बली, कुठलंही चालेल. भिंतीला भिंत लागलेली जोडघरं, पुढे बोटभर बाग, मागे कोळसा ठेवायची जागा. अशा एका रस्त्यावरची बाई टाउन हॉलमध्ये येऊन सांगते की शेजारचे आजोबा एकटेच राहतात, कित्येक दिवसांत पडदा सरकलेला नाही, आतून घाण वास मारतो आणि परवा कुंपणाखालून उंदीर पळताना दिसला.

आता जायचं कुणी? ‘हेल्थवाल्यांनी’ असं कुणीही सांगेल. पण हेल्थवाल्यांमध्ये दोन निरनिराळे अधिकारी होते: एक मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे एमओएच, आणि दुसरा सॅनिटरी इन्स्पेक्टर. मुंबईत वॉर्ड ऑफिसात जन्माचा दाखला काढायला गेलेल्यांना ‘एमओएच’ ही अक्षरं नवी नाहीत, आणि स्वच्छता निरीक्षक तर आपल्याकडे प्रत्येक नगरपालिकेत असतो. दोन्ही पदं तिकडूनच आली, आणि त्यांच्यातला गोंधळही सोबत आला असावा.

तर आजोबांच्या घरी आधी जायचा तो इन्स्पेक्टर. त्याने बघायचं ते घर. १९३६च्या पब्लिक हेल्थ ॲक्टनुसार घर तब्येतीला बाधेल इतकं घाण असेल, तर पालिका सफाईची नोटीस काढू शकत होती. ती पाळली गेली नाही, तर स्वतः सफाई करून खर्च वसूल करू शकत होती. उंदरांसाठी १९४९चा वेगळा कायदा होता. कचरा निघाला, गटार मोकळं झालं, बिळं बुजवली, की त्याचं काम संपलं. खाटेवर पडलेले आजोबा ‘मी इथून हलणार नाही’ म्हणाले, तर मात्र इन्स्पेक्टरचे हात बांधलेले.

तिथून पुढे एमओएच. १९४८च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टचं कलम ४७ त्याच्यासाठीच होतं. माणूस गंभीर दुखण्याने किंवा म्हातारपणाने खचलेला आहे, घाणीत राहतो आहे, त्याला स्वतःचं करता येत नाही आणि करणारंही कुणी नाही, असं एमओएचने लेखी दिलं, की पालिका मॅजिस्ट्रेटकडे जाऊन त्याला इच्छेविरुद्ध हॉस्पिटलात किंवा आश्रमात हलवायचा हुकूम मिळवू शकत होती, एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचा. १९५१मध्ये तातडीची वाटही निघाली: एमओएच आणि आणखी एक डॉक्टर अशा दोघांचं म्हणणं असेल, तर आधी सूचना न देता तीन आठवड्यांसाठी हलवता येई. एका म्हाताऱ्याला त्याच्या घरातून उचलायचा अधिकार डॉक्टरच्या सहीवर टेकलेला असावा, हे मला आजही जरा अंगावर येतं. कलम मात्र थेट २०१४च्या केअर ॲक्टने इंग्लंडमधून गेलं.

या एका घरात फरक दिसतो. भिंत, मोरी, उंदीर, उकिरडा हे इन्स्पेक्टरचं. माणूस, त्याचा ताप, त्याचा संसर्ग, त्याचा मृत्यू हे एमओएचचं. कोण वरचा आणि कोण खालचा यावरून ही जोडी समजून घ्यायला गेलं की घोटाळा होतो, कारण हुद्द्याने एमओएच विभागाचा प्रमुख होताच. दरवर्षी निघणारा आरोग्य अहवालही त्याच्याच नावाने छापला जायचा. त्यात जन्म-मृत्यूचे आकडे, घटसर्प आणि गोवर यांच्यामागोमाग किती मोऱ्या तपासल्या, किती दुकानं पाहिली, किती मांस नष्ट केलं हेही असायचं. वेलकम लायब्ररीने लंडन परिसरातले १८४८ ते १९७२ या काळातले असे साडेपाच हजारांवर अहवाल डिजिटल रूपात खुले केले आहेत. मुखपृष्ठावर डॉक्टर आणि आत पानंच्या पानं इन्स्पेक्टरची मेहनत, असं चित्र त्यात वारंवार दिसतं.

एमओएच हा डॉक्टर, वर पब्लिक हेल्थचा डिप्लोमा केलेला. पहिला एमओएच लिव्हरपूलचा विल्यम हेन्री डंकन, १८४७ सालचा. १८७२पासून इंग्लंडभर हे पद सक्तीचं झालं. इन्स्पेक्टर डॉक्टर नसायचा. बांधकाम, नळ-गटार, अन्नतपासणी आणि कायदा शिकून परीक्षा देऊन तो यायचा. त्याचं मूळ सरकारी नाव इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस. मराठीत आपण न्यूसन्स हा शब्द बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या मुलासाठी वापरतो. तिथे तो कायद्याचा शब्द होता आणि त्यात गळकं छप्पर, तुंबलेलं गटार, धुराडं असं सगळं मोडायचं. म्हणून इन्स्पेक्टरला निव्वळ डॉक्टरचा मदतनीस समजू नये. कायद्याने नेमून दिलेली कामं त्याची स्वतःची होती. १९२१च्या एका कायद्याने तर एमओएच आणि इन्स्पेक्टर दोघांनाही मंत्र्याच्या संमतीशिवाय काढता येत नसे. ज्याच्या गळक्या घरांवर नोटीस काढायची तोच कौन्सिलमध्ये बसलेला असला, तर या संरक्षणाची किंमत काय, हे नगरपालिका जवळून पाहिलेल्याला सांगायला नको.

इन्स्पेक्टरचं काम जवळून बघायचं तर मागच्या अंगणातल्या चेंबरपाशी उकिडवं बसावं लागेल. घरात ओल येते, वासही येतो, पण पाइप नेमका कुणाचा फुटलाय ते कळत नाही. मग एकाने पहिल्या घराच्या संडासात फ्लुरेसीनचा रंग टाकून साखळी ओढायची आणि दुसऱ्याने झाकण काढलेल्या चेंबरमध्ये डोळे लावून बसायचं. चमकदार हिरवं पाणी चेंबरमध्ये आलं, तर त्या घराची लाइन इथून जाते. नाही आलं आणि शेजारच्या तळघराची भिंत हिरवी झाली, तर गुन्हेगार सापडला.

पुढचा प्रश्न त्याहून किचकट: पैसे कुणी द्यायचे? एकाच घराचं पाणी नेणारा पाइप तो ‘ड्रेन’, मालकाचा. दोन किंवा जास्त घरांचं नेणारा तो ‘सीवर’ (sewer), म्हणजे सामायिक गटार. १ ऑक्टोबर १९३७ला १९३६चा कायदा लागू झाला आणि त्याआधी घातलेले असे सामायिक पाइप सार्वजनिक ठरले. तेव्हाच्या बिल्डरांनी एका रांगेतल्या अनेक घरांना मागून एकच लाइन दिलेली असायची. म्हणजे दुरुस्ती पालिकेने करायची. पण या जातीच्या बऱ्याच लाइनींचा खर्च कलम २४खाली पालिका पुन्हा त्याच घरमालकांवर वाटून टाकू शकत होती. ‘पाइप तुमचा आणि बिल आमचं?’ असं विचारणाऱ्या माणसापुढे हे कलम समजावत उभा राहायचा तो इन्स्पेक्टर.

काही कामांत मात्र दोघांना एकमेकांवाचून चालत नसे. घर राहण्यालायक नाही हे ठरवताना ओल मोजायची, छताची मापं घ्यायची, उजेड पाहायचा इन्स्पेक्टरने; पाडापाडीसाठी कौन्सिलपुढे अधिकृत म्हणणं मांडायचं एमओएचने. अन्नातून विषबाधा झाली तर कँटीनची फडकी, फ्रीज आणि उरलेला मटणाचा ‘पाय’ (pie, कणकेच्या पारीत भाजलेलं मटण) इन्स्पेक्टर बघायचा. कुणाला कामावरून घरी बसवायचं हा निर्णय डॉक्टरचा. मळाचे नमुने पब्लिक हेल्थ लॅबोरेटरीकडे जायचे. तिची मध्यवर्ती प्रयोगशाळा हेन्डन बरोतल्याच कॉलिन्डेलला होती.

तिसरा माणूस विसरून चालणार नाही: बरोचा इंजिनीअर. पाणी आणि मोठी गटारं त्याची. त्याने एमओएचला काही कळवलंच नाही तर काय होतं, हे लंडनच्या दक्षिणेकडच्या क्रॉयडनने १९३७च्या शरद ऋतूत पाहिलं. ॲडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्तीचं काम चालू होतं. त्याच काळात तिचं पाणी गाळण्याशिवाय आणि क्लोरिनशिवाय नळांत जात होतं, आणि विहिरीत उतरणाऱ्या मजुरांपैकी एक टायफॉइडचा वाहक निघाला. त्रेचाळीस माणसं दगावली. विहिरीत काम चालू आहे हे एमओएचला ठाऊकच नव्हतं. चौकशीत दोन खात्यांमधल्या या न झालेल्या बोलण्यावर बोट ठेवलं गेलं. रोगी मोजणारा आणि पाइप सांभाळणारा यांची गाठ पडली नाही, की ते अंतर असं भरतं.

धुराचीही अशीच वाटणी. ५ ते ९ डिसेंबर १९५२च्या धुरक्यात लंडनमध्ये तेव्हाच्या हिशोबाने चारेक हजार जादा मृत्यू झाले. नंतरच्या अभ्यासकांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. ही मोजणी डॉक्टरांच्या बाजूची. १९५६चा क्लीन एअर ॲक्ट आल्यावर दारोदार फिरून चुली बघण्याचं काम इन्स्पेक्टरांच्या वाट्याला आलं. धूर-नियंत्रित भागात घरातली कोळशाची शेगडी बदलायला खर्चाच्या सत्तर टक्के अनुदान मिळे, म्हणून प्रत्येक घरातल्या शेगड्या मोजायच्या, अंदाजपत्रक तपासायचं, आणि धगधगता कोळसा गेल्यावर खोलीला खोलीपण राहणार नाही म्हणणाऱ्या आजींची समजूत काढायची. कारखान्याच्या धुरासाठी रिंगलमनचा तक्ता होता: पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघांच्या जाळ्या. तो लांब धरला की रेघा एकमेकींत मिसळून राखाडी छटा दिसते, आणि ती चिमणीच्या धुराशी ताडायची. दुसरी छटा किंवा त्याहून गडद दिसली, की कायद्याच्या भाषेत तो ‘डार्क स्मोक’.

याच वर्षांत दोघांची पारडी उलटी होत गेली. ५ जुलै १९४८ला नॅशनल हेल्थ सर्व्हिस (एनएचएस), म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आली, पालिकांची हॉस्पिटलं तिच्याकडे गेली. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) हाताखालच्या बरोंकडून तर बाळ-बाळंतिणींची केंद्रंही काउंटी कौन्सिलकडे गेली. मिडलसेक्ससारख्या काउंटीत बरोचाच एमओएच काउंटीचा क्षेत्रीय अधिकारी म्हणून दुसरी टोपी घालून तेच काम बघायचा. इन्स्पेक्टरकडे मात्र घरं, अन्न, उंदीर, धूर असं एकेक वाढतच गेलं. १९५६मध्ये कायदा करून त्याचं नाव पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर करण्यात आलं. १ एप्रिल १९६५ला ही बरो लंडनच्या नव्या मोठ्या बरोंमध्ये विरघळली, आणि १ एप्रिल १९७४ला एमओएच हे पदच इंग्लंडमधून रद्द झालं. सामाजिक आरोग्याचे डॉक्टर एनएचएसमध्ये गेले. इन्स्पेक्टर टाउन हॉलमध्येच राहिला, एन्व्हायर्नमेंटल हेल्थ ऑफिसर अशी नवी पाटी लावून.