तुटायचंच असेल तर कॅरिअर तुटू दे

नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत पाइप, पट्टी, अँगल सगळं वजनावर मिळतं. त्यामुळे मजबुतीही किलोतच मोजायची आपल्याला सवय लागली आहे. ऑफ-रोड मोटरसायकलला मागे सामानाचं कॅरिअर लावून घ्यायला कोणी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलं, की काम झाल्यावरची हमी ठरलेली : "बिनधास्त राहा भाऊ, हत्ती बसला तरी काही होत नाही!"

या हमीत गोम एवढीच की हत्ती एकदाच बसेल आणि उठेल. कॅरिअरला मात्र हादरे मोजत आयुष्य काढायचं असतं. २०० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० हादरे झाले, तासाला ३ लाख ६० हजार. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे नागपूरहून चिखलदऱ्याला जायचं तर कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा असा जुनाच रस्ता धरावा लागतो. पाच-सहा तास इंजिन असंच फिरत राहिलं, तर एका बाजूच्या प्रवासात प्रत्येक जोडाला अठरा-वीस लाख हादरे बसतात. खड्डे यात धरलेलेच नाहीत.

जाड तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते. धातू असा थकतो, हे माणसाला रेल्वेने शिकवलं. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर इंजिनाचा आस, म्हणजे ॲक्सल, तुटून गाडी घसरली, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर या रेल्वे अभियंत्याने आसांचे नमुने पुन्हा पुन्हा वाकवून वर्षानुवर्षं प्रयोग केले. एकदाच दिलेला जो भार पोलाद सहज पेलतं, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा दिला तर तेच पोलाद तुटतं, हे त्यातून दिसलं. पण पोलादाच्या बाबतीत एक दिलासाही मिळाला. ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर ते जवळपास कायम टिकतं. दहा लाख ते एक कोटी आवर्तनं काढली की त्या मर्यादेच्या आत आहोत, असं साधारणपणे धरतात. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, कमी ताणावरही ते हळूहळू थकतच राहतं. म्हणून हाताने बनवून घ्यायच्या कॅरिअरसाठी साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच बरं. दुरुस्तीही कुठल्याही गावात होते.

आता जाड की बारीक हा प्रश्न. १२ मिमीची भरीव सळई आणि १९ मिमी बाहेरच्या व्यासाचा, २ मिमी जाडीचा पोकळ पाइप घ्या. दोघांचं मीटरमागे वजन जवळपास सारखंच, पाइप किंचित हलकाच. पण पाइपचा ताठपणा, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, सळईच्या जवळजवळ पावणेचार पट असतो. वाकताना सगळा ताण बाहेरच्या कडांवर येतो, मधला धातू नुसता बसून खातो. तो मधून काढून कडेला नेला की त्याच वजनात ताठपणा मिळतो. मात्र हाच पाइप फार आखूड वळणात वाकवला तर आतून चेपतो, आणि चेपलेल्या जागी हा सगळा फायदा गेला. वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवायला सांगावं, आणि बेंडिंग मशीन नसलेल्या दुकानात पाइप वाकवूच नये.

पाइप कितीही चांगला असो, चीर पडते ती बहुधा वेल्डिंगच्या काठावर. तिथे आकार एकदम बदलतो, ताण गोळा होतो, शिवाय वेल्डिंग थंड होताना आक्रसतं आणि जोडात कायमचा ताण ठेवून जातं. एक गोष्ट ऐकून पुष्कळांना खटकते : जास्त ताकदीचं महागडं पोलाद वापरलं, तरी वेल्ड केलेल्या जोडाचं थकव्यापुढचं आयुष्य फारसं वाढत नाही. कारण चिरेची सुरुवात जोडाच्या आकारातून होते, पोलादाच्या प्रतीतून नव्हे. म्हणून पैसे पोलादावर घालण्यापेक्षा आखणीवर घालावेत. सगळ्यात जास्त वाक पडतो त्या जागेपासून वेल्डिंग दूर ठेवावं आणि जोडाला मोठा, उताराच्या कडांचा त्रिकोणी टेकू द्यावा.

आखणीचं मुख्य गणित मात्र तरफेचं आहे. बहुतेक गाड्यांवर मागचं हँडल जिथे बोल्टने बसवलेलं असतं, त्याच भोकांवर कॅरिअर बसवतात. समजा पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये १० सेंमी अंतर आहे आणि १५ किलोच्या बॅगेचा मध्य मागच्या बोल्टपासून २५ सेंमी मागे आहे. गाडी उभी असतानाच पुढचे बोल्ट साडेसदतीस किलोच्या जोराने वर उपसले जातात आणि मागच्या बोल्टच्या जागी साडेबावन्न किलोचा दाब येतो. बॅग पंधराचीच आहे! खड्ड्यात चाक आपटून हे तिप्पट झालं, तर आकडे ११२ आणि १५७ किलोच्या घरात जातात. हे सगळं येतं कुठे, तर सीटखालून मागे गेलेल्या फ्रेमवर, म्हणजे सबफ्रेमवर. ऑफ-रोड गाडीत ही शेपटी मुद्दाम हलकी ठेवलेली असते, कारण गाडी बनवणाऱ्याने तिथे मडगार्ड, दिवा आणि कधीमधी मागे बसणारा माणूस एवढंच गृहीत धरलेलं असतं.

इथेच "हत्ती बसला तरी" वाली मजबुती अंगावर येते. कॅरिअर अति जाड आणि ताठ केलं की ते स्वतः जराही वाकत नाही, आणि सगळा वाक बोल्टांच्या जागी, फ्रेमच्या बारीक पाइपवर जाऊन पडतो. मग तुटतं ते कॅरिअर नव्हे, गाडीच. काही गाड्यांत सबफ्रेम बोल्टने जोडलेली असते, ती बदलता तरी येते. पुष्कळ गाड्यांत ती मुख्य फ्रेमलाच वेल्ड केलेली असते, आणि तिला चीर पडली की हजार-दोन हजारांच्या कॅरिअरपायी अख्ख्या फ्रेमचा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते चांगल्या कॅरिअरची खरी कसोटी हीच : अतिभाराने काही तुटायचंच असेल, तर आधी कॅरिअर तुटलं पाहिजे.

उपाय जाडीत नाही, तिसऱ्या आधारात आहे. कॅरिअरच्या मागच्या भागातून दोन्ही बाजूंना एकेक तिरका पाइप खाली, मागच्या फूटपेगच्या, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीच्या, ब्रॅकेटजवळ आणला की त्रिकोण तयार होतो. त्रिकोणातल्या पाइपला मुख्यतः ओढ किंवा दाब सोसावा लागतो, वाक फारच कमी. बारीक पाइपसुद्धा लांबीच्या दिशेने असा भार सहज पेलतो. सायलेन्सर उंच असेल तर त्या बाजूचा टेकू आणि बॅग दोन्हींना अंतर ठेवावं लागतं, नाहीतर मे महिन्यात नागपुरातून निघालेली नायलॉनची बॅग वितळायला उन्हाची गरज उरत नाही.

बसवताना एक खोड सर्रास दिसते. भोकं जुळत नाहीत म्हणून पहारीने रेटून बोल्ट घालतात. असं केलं की कॅरिअर रिकामं असतानाही फ्रेममध्ये कायमचा ताण भरलेला राहतो, आणि हादऱ्यांचा ताण त्याच्यावर चढतो. भोक थोडं लांबट करून घ्यावं, सगळे बोल्ट आधी सैल बसवावेत, कॅरिअर आपोआप जागेवर आलं की मगच कसावेत. वेल्डिंग गाडीवर करू नये, कॅरिअर काढून टेबलावर करावं. विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या वायरिंगमधून गेला तर ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, राख होऊ शकते. पावडर कोटिंगही बोल्टखालच्या जागेवर जाड नको. तो थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि बोल्टची पकड तेवढी सुटते.

पकड म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. डोक्यावर ८.८ लिहिलेला ८ मिमीचा बोल्ट २५ न्यूटन-मीटर पिळाने कसला, की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि जोड साधारण दीड टन जोराने दाबून धरतो. या दाबामुळे कॅरिअरची पट्टी आणि फ्रेम एकमेकींवर घासून सरकतच नाहीत, भार घर्षणातून जातो आणि हादऱ्याचा फारच थोडा हिस्सा बोल्टपर्यंत पोहोचतो. ढिला बोल्ट मात्र दर हादऱ्याला मार खातो. फ्रेमच्या आट्या किती जोर सोसतील हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावं, पान्याला पाइप लावून जोर काढू नये. आणि स्प्रिंग वॉशरवर फार विश्वास नको. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने आडव्या कंपनांनी बोल्ट कसे सुटतात हे दाखवलं. त्याच्या नावाने होणाऱ्या चाचणीत साधे स्प्रिंग वॉशर जवळपास निरुपयोगी ठरतात. आतून नायलॉनची कडी असलेला नट किंवा आट्यांवर निळं थ्रेडलॉक, म्हणजे आट्या धरून ठेवणारा चिकट द्रव, कितीतरी बरं. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा कसून घ्यावं, कारण नवे पृष्ठभाग थोडे बसतातच.

आता गाडी चालवणाऱ्याला काय जाणवतं ते. दोन चाकांमधलं अंतर १,४१० मिमी असलेल्या गाडीवर तीच १५ किलोची बॅग मागच्या आसाच्या ३० सेंमी मागे ठेवली, तर मागच्या चाकावर १८ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकावरचा ३ किलोने कमी होतो. तीन किलो म्हणजे काहीच नाही, असं कोरड्या डांबरावर वाटेल. नागपूरजवळ हिंगण्याकडच्या मातीच्या वाटेवर पावसात जाऊन बघा. काळी कापसाची माती भिजली की फुगते, चिकटते, आणि तिथे पुढचं चाक हलकं झालेलं हँडलला लगेच कळतं. मागचं सस्पेन्शन दबल्याने पुढचा काटा (फोर्क) अधिक कलतो, वळण जड होतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांना उजेड देतो. स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, वाढवून यातलं बरंचसं सावरता येतं.

गाडीचं शेपूट डुलणं मात्र प्रीलोडने जात नाही. गाडीच्या मध्यापासून वजन दुप्पट लांब नेलं, तर तिला डावी-उजवीकडे वळवायला किंवा सावरायला त्या वजनामुळे होणारा विरोध चौपट होतो, म्हणून जड वस्तू कॅरिअरच्या पुढच्या टोकाला, सीटला खेटून आणि खाली ठेवाव्यात. अवजारं, पाण्याचे कॅन असलं सामान मागे टांगूच नये. तिथे तंबू, चादरी, रेनकोट. बांधायला बंजी, म्हणजे आकड्यांची रबरी दोरी, नको, न ताणणारा पट्टा घ्यावा. बंजी ही स्प्रिंगच. काळ्या मातीवरच्या लाटांसारख्या रस्त्यावर गाडी सेकंदाला दोन-तीनदा खालीवर होते आणि बॅग आपल्या वेगळ्याच तालात उडी मारत बसते.

कॅरिअर धुताना वेल्डिंगच्या काठावर बारीक तांबूस रेघ दिसली तर बोटाने पुसून बघावी. पुसल्यावर तीच रेघ पुन्हा उमटली, तर ती बहुधा चीर असते, आतला गंज बाहेर येत असतो. कॅरिअरला असेल तर नुसतं वरून वेल्डिंग थापू नका. चीर ग्राइंडरने तळापर्यंत खोदून काढायची, मग भरायची आणि तिथे टेकू वाढवायचा. रेघ सबफ्रेमवर दिसली, तर सामान तिथेच उतरवा आणि कॅरिअर काढून ठेवा.