पाडली किती आणि भट्टीत गेली किती: जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांची पार्श्वभूमी

या नाण्यांच्या नादाला नवीन लागलेला माणूस आधी बघतो की टांकसाळीने नाणी पाडली किती. आणि तिथेच फसतो. १९२७ साली डेन्व्हरला वीस डॉलरची, म्हणजे डबल ईगल, १,८०,००० नाणी पाडली आणि आज त्यातली जेमतेम दहा-पंधरा माहीत आहेत. बाकीची वितळली. त्यामुळे या छंदात खरा प्रश्न असतो की भट्टीतून वाचली किती, आणि त्याचं उत्तर बरंचसं १९३३ मध्ये आहे.

त्या वर्षी ५ एप्रिलला अमेरिकन सरकारचा हुकूम निघाला की १ मेपर्यंत लोकांनी जवळचं सोनं जमा करायचं, औंसाला २०.६७ डॉलर मिळतील. माणशी १०० डॉलरपर्यंत सूट होती. आणि अजून एक ओळ होती, की दुर्मिळ नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी ज्या नाण्यांना मान्य असं खास मूल्य आहे ती ठेवता येतील. माझ्या मते अमेरिकन नाणेसंग्रहाच्या इतिहासात या एका ओळीइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. कारण खास मूल्य कुणाला मान्य, कधी मान्य, हे त्यात कुठेच नव्हतं. ज्याला कळलं त्याने नाणी ठेवली, जो घाबरला त्याने कपाटातलं सगळं नेऊन दिलं. पुढची वीसेक वर्षं हा घोळ चालू राहिला आणि १९५४ च्या नियमांत एकदाचं ठरलं की ५ एप्रिल १९३३ च्या आधीचं प्रत्येक सोन्याचं नाणं दुर्मिळ धरायचं. सरसकट. साध्या माणसाला सोनं बाळगायला मोकळीक मात्र ३१ डिसेंबर १९७४ ला मिळाली. म्हणजे मधली वीस वर्षं, दागिने सोडले तर, जुनं नाणं हाच साध्या माणसाला सोनं घरात ठेवायचा सोपा कायदेशीर रस्ता होता.

१९३३ सालातला एक वाद मात्र अजून लोकांच्या डोक्यात आहे. १९३३ ची डबल ईगल ४,४५,५०० पाडली, पण पहिली नाणी तयार झाली मार्चच्या मध्याला आणि सोनं बाहेर द्यायचं नाही असा आदेश त्याआधीच आलेला. सरकारचं म्हणणं एकच, एकही नाणं रीतसर बाहेर गेलं नाही, त्यामुळे बाहेर जे दिसेल ते चोरीचं. गंमत बघा, त्याच सालचं दहा डॉलरचं नाणं खुशाल विकता येतं, कारण त्यातली थोडी वेळेत बाहेर गेल्याची नोंद आहे. वीस डॉलरचं एक नाणं इजिप्तच्या राजाकडे गेलं, तेही सरकारनेच निर्यात परवाना दिला म्हणून, १९४४ ला. पुढे तेच नाणं अमेरिकेत जप्त झालं, तडजोड झाली आणि २००२ ला लिलावात ७५ लाख ९० हजार डॉलरला गेलं, वर २० डॉलर वेगळे घेतले, कारण कागदोपत्री ते चलनात आलेलंच नव्हतं. २०२१ ला तेच १ कोटी ८८ लाखांच्या वर गेलं. आणि फिलाडेल्फियाच्या एका कुटुंबाला लॉकरमध्ये अशीच दहा सापडली, त्यांनी ती तपासायला म्हणून दिली तर सरकारने ठेवूनच घेतली. खटला २०१७ पर्यंत चालला, मधे एकदा कुटुंब जिंकलंही होतं, पण शेवटी हरलं. मला हे पटत नाही. जुनं नाणं देऊन नवं घ्यायची टांकसाळीच्या खिडकीवर जुनी पद्धत होती, मार्चच्या त्या तीन आठवड्यांत कुणी तसं केलंच नसेल हे नुसत्या हिशेबाच्या वह्यांवरून कसं ठरवणार?

आता खऱ्या-खोट्याचं. नाण्याला सोन्यापेक्षा जास्त भाव मिळायला लागला तसे लेबनॉन, इटलीकडे बनावट नाणी पाडणारे उभे राहिले, आणि ते पितळ वापरत नव्हते, खऱ्या नाण्यात असतं तेवढंच, पुरं ९० टक्के सोनं घालत होते. त्यामुळे कसोटीवर घासा, काट्यावर डबल ईगलचं ठरलेलं वजन ३३.४३६ ग्रॅम मोजा, नाणं पासच होणार. १९०७ च्या उंच उठावाच्या डबल ईगलच्या नकलेत तर गरुडाच्या नखात बारीकसं ओमेगा अक्षर कोरलेलं सापडलं, कारागिराची सहीच म्हणा. अशी कामं पकडायची म्हणून १९७२ ला तपासणीची पहिली मोठी सेवा सुरू झाली, आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, ग्रेड, म्हणजे नाण्याच्या स्थितीचा दर्जा, लिहून नाणं द्यायची आजची पद्धत १९८६-८७ पासूनची.

तपासतात कसं, तर भिंग लावून आणि नाणं दिव्याखाली तिरकं फिरवून. नकलेचा साचा खऱ्या नाण्यावरून घेतलेला असतो, त्यामुळे त्या एका नाण्याला पिशवीत लागलेले खड्डे प्रत्येक नकलेत त्याच जागी येतात. खरा खड्डा आतून चकचकीत आणि धारदार असतो, नकलेतला आसपासच्या पृष्ठभागासारखाच मऊ दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे साध्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगणारी खूण, चिकटवायचं. तिथे अक्षराच्या बुडाशी सांधा शोधायचा. शिवाय एकोणिसाव्या शतकात साल आणि अक्षर साच्यावर हाताने ठोकायचे, त्यामुळे दोन साच्यांवर त्यांची जागा तंतोतंत जुळत नाही.

१८५४ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच डॉलरच्या नाण्याला हीच जागा कामाला आली. टांकसाळ नवीन, सोनं शुद्ध करायच्या अ‍ॅसिडची टंचाई, म्हणून ही नाणी फक्त २६८ पाडली. तीनच उरली असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाने आपलं नाणं दाखवलं तेव्हा व्यापारी न बघितल्यासारखं करून खोटं म्हणाले. २०१८ ला त्या तिनांतल्या, संग्रहालयात असलेल्या नाण्याशी साल आणि एस अक्षर ताडून बघितलं आणि ते खरं निघालं, २१ लाख ६० हजार डॉलरला गेलं. त्याआधी अजून एक खात्री करावी लागली, की हे चोरीचं तर नाही. कारण त्या तिनांतलं एक १९६७ ला फ्लोरिडातल्या घरावरच्या सशस्त्र दरोड्यात गेलं होतं. जुन्या फोटोंतल्या खुणा जुळल्या नाहीत, म्हणून हे चौथं ठरलं. दरोड्यातलं नाणं अजून मिळालेलं नाही.