वॉल्ट व्हिटमनचं पेपरातलं लिखाण, पत्रं आणि कविता: पार्श्वभूमी

वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीचं नाव घेतलं की 'लीव्हज ऑफ ग्रास' हा त्याचा कवितासंग्रह आठवतो, नाहीतर लिंकन गेल्यावर लिहिलेली 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' आठवते आणि आपलं तेवढ्यावरच थांबतं. पण २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच्या नावाने ज्या दोन मोठ्या बातम्या आल्या त्यात कविता नव्हतीच. पहिली म्हणजे 'न्यूयॉर्क ॲटलस' नावाच्या पेपरात १८५८ मध्ये त्याने मोझ व्हेल्सर या टोपणनावाने पुरुषांची तब्येत, व्यायाम, खाणंपिणं यावर १३ हप्त्यांची लेखमाला लिहिलेली ती सापडली, जवळपास ४७ हजार शब्दांची. दुसरी म्हणजे १८५२ मध्ये 'संडे डिस्पॅच'मध्ये नाव न देता छापलेली एक आख्खी छोटी कादंबरी सापडली. दोन्ही शोधणारा एकच, झॅकरी टर्पिन, तेव्हा तो ह्यूस्टनला पीएचडी करत होता. कादंबरीच्या बाबतीत त्याने काय केलं तर व्हिटमनच्या एका वहीत टिपून ठेवलेली पात्रांची नावं जुन्या पेपरांच्या डिजिटल साठ्यात शोधली, त्यातून एक जाहिरात हाती लागली आणि जाहिरातीवरून पेपरचे अंक.

एवढ्या नावाजलेल्या कवीचं एवढं लिखाण दीडशे वर्षं कुणालाच माहीत नसतं हे कसं, तर तो मुळात पेपरवाला होता आणि त्या काळी पेपरात लिहिणाऱ्याचं नाव फारसं छापतच नसत. आणि मला मनापासून वाटतं की हा पेपरवाला समजून घेतल्याशिवाय त्याची कविता नीट कळत नाही, पत्रं तर नाहीच.

जन्म १८१९ चा, लाँग आयलंडवरच्या वेस्ट हिल्स गावातला. वडील सुतारकाम करायचे, घरं बांधायचे, घरात पोरं खूप आणि पैसा कमी, त्यामुळे शाळा सुटली अकराव्या वर्षाच्या आसपास. आधी वकिलाच्या ऑफिसात पोऱ्या आणि मग १८३१ मध्ये एका पेपरच्या छापखान्यात उमेदवारी. तिथे खिळे जुळवायला शिकला, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे कारण ओळ हातात वजन घेऊन कशी उभी राहते, पानावर किती जागा खाते, हे त्याला कवी व्हायच्या आधी कळलं. मधे काही वर्षं गावोगावी मास्तरकी केली, त्यात मन रमलं नाही, आणि १८३८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हंटिंग्टनमध्ये स्वतःचा 'लाँग आयलंडर' काढला. लिहिणं, छापणं तर केलंच, पण घोड्यावर बसून घरोघरी अंक टाकायलाही स्वतःच जायचा. वर्षभरात तो पेपर हातातून गेला.

मग न्यूयॉर्क, 'ऑरोरा'चं संपादकपद, १८४२ मध्ये दारूबंदीवर एक कादंबरी, असं बरंच काही पोटासाठी लिहिलं त्यात फार थांबण्यासारखं नाही. थांबायचं ते १८४६ ला, जेव्हा तो 'ब्रुकलिन डेली ईगल'चा संपादक झाला. मेक्सिकोशी युद्ध चालू होतं, त्यातून जी नवी जमीन अमेरिकेला मिळणार तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही यावरून डेमोक्रॅटिक पक्षात उभी फूट पडलेली. व्हिटमन 'नव्या मुलखात गुलामगिरी नको' या बाजूचा आणि पेपरचे मालक पक्षाच्या जुन्या गटाचे, त्यामुळे १८४८ च्या जानेवारीत नोकरी गेली. इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. ईगलमधले त्याचे गुलामगिरीविरोधी अग्रलेख वाचले तर त्यात काळ्या माणसाच्या दुःखापेक्षा गोऱ्या कामगाराच्या मजुरीची काळजी जास्त दिसते, गुलामांच्या शेजारी राबायला लागलं तर गोऱ्याच्या कष्टाची किंमत राहणार नाही असा तो मुद्दा आहे. कवितेतला व्हिटमन, जो पळून आलेल्या गुलामाला घरात घेतो, त्याच्या सुजलेल्या पायांसाठी पाणी भरून आणतो, जेवायला शेजारी बसवतो, तो या अग्रलेखांच्या खूप पुढे गेलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की कविता लिहिता लिहिता हा माणूस स्वतःच्या मतांच्या पलीकडे कुठपर्यंत पोचला ते दिसतं, नुसती कविता वाचून ते कळत नाही.

ईगल सुटल्यावर लगेच न्यू ऑर्लीन्सच्या 'क्रेसेंट'मध्ये नोकरी मिळाली, धाकट्या भावाला घेऊन गेला, तीनेक महिनेच टिकला, पण तिथे गुलामांचा लिलाव डोळ्यांनी बघितला आणि तो लिलाव पुढे कवितेत आला. परत येऊन 'ब्रुकलिन फ्रीमन' काढला तर पहिला अंक निघाला आणि ऑफिस आगीत गेलं.

१८५० मध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये त्याच्या काही राजकीय कविता आल्या ज्यात यमक सुटलेलं, ओळी मोकळ्या झालेल्या. त्यातली युरोपातल्या १८४८ च्या उठावांवरची कविता त्याने पाच वर्षांनी पुस्तकात घेतली. म्हणजे आपण ज्याला मुक्तछंद म्हणतो त्या वाटेवरची त्याची सुरुवातीची पावलं पेपरच्या कॉलमातच पडलेली आहेत.

१८५५ च्या जुलैच्या सुरुवातीला 'लीव्हज ऑफ ग्रास' आलं, ब्रुकलिनमध्ये रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात, पैसे स्वतःचे, काही पानांचे खिळेही स्वतः जुळवलेले. ९५ पानं, १२ कविता, ७९५ प्रती, मुखपृष्ठावर कवीचं नावच नाही, आत फक्त एक चित्र, शर्टाची बटणं उघडी आणि हात कमरेवर. ११ जुलैला वडील गेले. मग २१ जुलै तारखेचं इमर्सनचं पत्र आलं, 'एका महान कारकिर्दीच्या आरंभी मी तुम्हाला अभिवादन करतो' असं म्हणणारं, आणि इमर्सन त्या वेळी अमेरिकेतला सगळ्यात मोठा विचारवंत. ते खाजगी पत्र ऑक्टोबरमध्ये इमर्सनला न विचारता ट्रिब्यूनमध्ये छापलं गेलं, आणि १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर ते वाक्य इमर्सनच्या नावासकट पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरात आलं. त्याच वर्षभरात त्याने स्वतःच्या पुस्तकाची परीक्षणं स्वतःच नाव न देता लिहून तीन ठिकाणी छापून आणली. हे मला पटत नाही, पत्र छापणं तर अजिबातच नाही, पण पंधरा-वीस वर्षं पेपरात काढलेल्या माणसाला बिननावी मजकूर ही रोजची गोष्ट वाटत असणार हे समजू शकतं.

आता खरा गाभा. १८६२ च्या डिसेंबरात पेपरमध्ये जखमींची यादी आली, त्यात 'जी. डब्ल्यू. व्हिटमोर' असं नाव. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं आणि भाऊ जॉर्ज युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात होता, घरच्यांनी ओळखलं की हे छपाईत चुकलेलं आपलंच नाव आहे, आणि वॉल्ट तसाच निघाला. फिलाडेल्फियाला गाडी बदलताना खिसा कापला गेला, वॉशिंग्टनमधली हॉस्पिटलं पालथी घातली, शेवटी व्हर्जिनियात फाल्मथच्या छावणीत जॉर्ज सापडला, गालाला जखम होती पण बरा होता. छावणीत जे पहिल्यांदा दिसलं ते त्याने २९ डिसेंबरच्या पत्रात आईला लिहिलं, लेसी हाऊसमधल्या हॉस्पिटलसमोर एका झाडाखाली कापलेल्या पायांचा, हातांचा ढीग. हीच गोष्ट त्याच्या टिपणातही आहे आणि पुढे १८७५ मध्ये आलेल्या या युद्धावरच्या पुस्तकातही आहे, एका घोड्याच्या गाडीत भरेल एवढा ढीग असं मोजमाप देऊन. हे मोजमाप बातमीदाराचं आहे.

त्याच छावणीत त्याने आणखी एक टीप केली, पहाटे तंबूसमोर स्ट्रेचरवर तीन प्रेतं, प्रत्येकावर घोंगडी. एका तरुणावरची घोंगडी उचलून त्याचा चेहरा बघितल्याचं आणि तो ख्रिस्ताचा वाटल्याचंही वहीत आहे. 'ड्रम-टॅप्स' या १८६५ च्या युद्धकवितांच्या पुस्तकात त्याचीच कविता झाली, त्यात तो एकेका चेहऱ्यावरची घोंगडी बाजूला करतो, पहिला म्हातारा, दुसरा कोवळा पोरगा, आणि तिसरा ना म्हातारा ना पोर, त्याच्यात त्याला ख्रिस्ताचा चेहरा दिसतो. टिपणात एकच चेहरा होता, कवितेत त्याचे तीन झाले.

जॉर्ज बरा होता तरी हा घरी परतला नाही, वॉशिंग्टनमध्येच राहिला. अर्धवेळ कारकुनी करायची, कागदांच्या नकला उतरवायच्या, आणि उरलेल्या वेळात हॉस्पिटलं, त्यातही आर्मरी स्क्वेअर जास्त, कारण सगळ्यात वाईट केसेस तिथे यायच्या. खिशात संत्री, तंबाखू, तिकिटं, कागद-पाकिटं. त्याच्या स्वतःच्या अंदाजाने ६०० हून जास्त फेऱ्या आणि ८० हजार ते एक लाख जखमी-आजारी. फेब्रुवारी १८६३ मध्ये त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला 'आजाऱ्यांची महासेना' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख दिला.

आणि तो सैनिकांसाठी पत्रं लिहायचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांचा हात गेला होता, ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्यासाठी. एरॅस्टस हॅस्केल नावाचा एक तरुण शिपाई ऑगस्ट १८६३ मध्ये टायफॉइडने गेला तेव्हा व्हिटमनने त्याच्या आईवडिलांना स्वतःहून लांबलचक पत्र लिहिलं, मुलगा शेवटच्या दिवसांत कसा होता, किती गप्प असायचा, मी त्याच्या खाटेशेजारी कसा बसायचो, सगळं. हे पत्र वाचून मग 'कम अप फ्रॉम द फील्ड्स फादर' ही कविता वाचा. ओहायोतलं शेत, सफरचंदं पिकलेली, मुलगी बापाला हाक मारते की पीटचं पत्र आलंय, आई पाकीट फोडते आणि तिच्या लक्षात येतं की हे अक्षर आपल्या मुलाचं नाही, कुणीतरी दुसऱ्याने लिहिलंय. ते दुसरं अक्षर कोणाचं असतं ते व्हिटमनला चांगलं ठाऊक होतं कारण तशी कितीतरी पत्रं त्याच्याच हातची होती. आपण लिहिलेलं पत्र दारात पोचल्यावर तिथे काय होत असेल याचा विचार तो करत राहिला आणि त्यातून ही कविता आली असं मला वाटतं, माझ्या मते ती त्याच्या सगळ्यात चांगल्या कवितांपैकी आहे, 'ओ कॅप्टन'पेक्षा कितीतरी वरची.

पुढचं भरभर सांगतो. १८६५ मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' अश्लील म्हणून इंटिरिअर खात्याच्या (आपल्याकडचं गृहखातं नव्हे) मंत्र्याने तिथल्या नोकरीवरून काढलं, लगेच ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात दुसरी नोकरी मिळाली. १८७३ मध्ये पक्षाघात झाला, त्याच वर्षी आई गेली, आणि तो न्यू जर्सीतल्या कॅम्डनला गेला तो शेवटपर्यंत. २६ मार्च १८९२ ला वारला, तोपर्यंत ते १२ कवितांचं पुस्तक वाढत वाढत चारशेच्या जवळ पोचलेलं.

कागदांचं काय झालं हेही बघायला हवं. त्याने तीन मित्रांना साहित्याचे वारस नेमलं, डॉक्टर बक, वकील हार्नेड आणि होरेस ट्रॉबेल, आणि कागद तिघांत वाटले गेले, त्यामुळे कवितेचा खर्डा एकीकडे, त्याच महिन्यातलं पत्र दुसरीकडे आणि टिपणवही तिसरीकडे अशी अवस्था झाली. ट्रॉबेलने कॅम्डनमधल्या रोजच्या गप्पा लिहून ठेवल्या होत्या त्यांचे नऊ खंड झाले, शेवटचा १९९६ ला निघाला. हार्नेडने आपला वाटा १९१८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने मौल्यवान कागद वॉशिंग्टनबाहेर हलवले, परत आणून पेट्या उघडल्या तर दहा वह्या गायब. चार वह्या १९९५ मध्ये एका लिलाव कंपनीमार्फत परत आल्या, त्यातलीच एक सगळ्यात महत्त्वाची, ज्यात 'लीव्हज ऑफ ग्रास'च्या मोकळ्या ओळी पहिल्यांदा उमटताना दिसतात. उरलेल्या सहा अजून मिळालेल्या नाहीत.

त्याच्या समग्र लिखाणाच्या मालेत पत्रांचे खंड १९६१ पासून निघायला लागले, पेपरातल्या लिखाणाचा पहिला खंड १९९८ ला, म्हणजे जे आयुष्यात आधी आलं ते छापायला सगळ्यात उशीर. १९९५ मध्ये एड फोल्सम आणि केनेथ प्राइस या दोन प्राध्यापकांनी व्हिटमन आर्काइव्ह सुरू केलं, त्यात हस्तलिखितं, सगळ्या आवृत्त्या, पत्रं, पेपरातलं लिखाण एका जागी आणि फुकट वाचायला मिळतं. प्राइसनेच पुढे सरकारी दफ्तरातून व्हिटमनच्या हस्ताक्षरातले, कारकुनीत उतरवलेले जवळपास तीन हजार कागद शोधून काढले.

वाचायला सुरुवात करायची असेल तर माझं म्हणणं, पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नको. आधी डिसेंबर १८६२ चं आईला लिहिलेलं पत्र वाचा, मग फेब्रुवारी १८६३ चा टाइम्समधला लेख, मग हॅस्केलच्या आईवडिलांना लिहिलेलं पत्र, आणि त्यानंतर 'ड्रम-टॅप्स'.